खडकात सोडलेलं पाणी

छताचा एक पोपडा थेट चहात पडला. जमीन क्षणभर थरथरली आणि थांबली.

"तुझाच पंप ना रे हा?" ताईने विचारलं.

"माझी ड्यूटी दुपारची आहे."

"म्हणजे दुपारी परत हलणार."

तो हसला आणि चहातला पोपडा बोटाने बाहेर काढला. आईच्या मागे ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. ती या टेकडीवर एकटी राहायची आणि टेकडीच्या पायथ्याशी वाफेवर चालणारं वीजघर होतं. जमिनीखालची वाफ वर्षानुवर्षं उपसून खडक कोरडा पडला, टर्बाइन बंद पडू लागली, माणसं घरी बसली. मग शहराचं सांडपाणी शुद्ध करून इथवर आणलं आणि पंपाने खोल, तापलेल्या खडकात सोडलं. वाफ परतली, त्याची नोकरी वाचली. पण गार पाणी लागलं की खडक तडकायचा आणि वर टेकडी हलायची.

"माझ्याकडे चल ना राहायला," तो म्हणाला.

"तुझ्या बायकोच्या घरात मी पाहुणी. इथे मालकीण आहे. आणि तडे भिंतीला गेलेत, मला नाही."

दुपारी साहेब स्वतः पंपावर आले. "वाफेचा दाब उतरतोय. पाणी वाढव."

"साहेब, वर वस्ती आहे."

"ठाऊक आहे मला. नाही वाढवलं तर पुन्हा माणसं कमी करावी लागतील. कोणाकोणाला घरी बसवू, तूच सांग."

त्याने व्हॉल्व्ह फिरवला.

दिवस मावळायच्या आत मोठा हादरा बसला. काम टाकून तो धापा टाकत टेकडी चढला. मागची भिंत स्वयंपाकघरात कोसळली होती. ताई दाराबाहेर दगडावर बसली होती. खरचटलंही नव्हतं, फक्त केस मातीने पांढरे झाले होते.

"बघत काय उभा राहिलास?" ती म्हणाली. "ती पेटी उचल. आणि बायकोला सांग, पाहुणी आली म्हणून."

त्याच्या घराखालची जमीन कधीच हलत नाही. तरी महिना झाला, ताईला तिथे धड झोप नाही. आज तो कामावर जायला बूट घालत होता, तेव्हा तिने विचारलं, "पाणी किती सोडणार आज?"

"कालच्याइतकंच."

"बरं."

ती उठली आणि फळीच्या कडेला मांडलेले काचेचे पेले एकेक करून आत, भिंतीलगत सरकवू लागली.