पळीचा दुसरा ठोका

एस्तेर भालेराव दूध उतरवायच्या डॉकवरून क्वालिटीत गेली, म्हणजे अंतर मोजलं तर पन्नास पावलं. काष्टीजवळच्या त्या दूध केंद्रात लोखंडी जिना चढून गेलं की दूध तपासायची काचेची खोली लागते, तीच क्वालिटी. पण खालच्या माणसांच्या लेखी ती परदेशी गेली. गमबूट सुटले, पांढरा कोट आला, पहाटेच्या कॅनच्या राड्यात उभं राहणं संपलं. तिच्या आईनं, हन्नाबाईनं, रविवारी चर्चमध्ये झाडून सगळ्यांना सांगितलं. ज्या एका माणसाला एस्तेरनं स्वतः सांगायला हवं होतं, त्याला मात्र तिनं सांगितलं नाही.

तो माणूस म्हणजे आसारामनाना. नाना डॉकवर दुधाचा वास घ्यायचे. टेम्पोतून शेतकऱ्याचा कॅन उतरला की झाकण काढायचं, वाकून नाक आत घालायचं आणि एका श्वासात निकाल द्यायचा. चांगलं असेल तर "घ्या", नसेल तर "बाजूला". यंत्रं सगळी वर होती, पण दूध यंत्रापर्यंत जायचं की नाही हे नानांचं नाक ठरवायचं. गाईनं कांद्याची पात खाल्ली की उसाचं वाढं, हे ते मालकाच्या तोंडावर सांगायचे आणि मालक मुकाट मान डोलवायचा. सत्तावीस वर्षं त्यांनी हे काम केलं. एवढा वचक तिथल्या एकाही साहेबाला कधी जमला नाही.

कोरोनातून नाना वाचले, पण नाक गेलं ते गेलंच. हे फक्त एस्तेरला कळलं, कारण नमुना काढायला लांब दांड्याची पळी घेऊन ती त्यांच्या शेजारीच उभी असायची. एका सकाळी आंबलेल्या दुधाचा भपकारा तिच्या डोळ्यांत गेला आणि नाना म्हणाले, "घ्या." तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे. आपलाच बाप भर बाजारात पाय घसरून पडावा तसं तिला झालं. पळी बाहेर काढून तिनं कॅनच्या काठावर दोनदा ठोकली. नाना खाकरले आणि म्हणाले, थांबा, बाजूला घ्या.

थेंब झटकायला पळीचा एक ठोका सगळेच मारतात. दुसरा ठोका त्या दोघांचा होता. नाना वाकायचे, ती पळी बुडवायची, एक ठोका पडला तर "घ्या", दोन पडले तर "बाजूला". तीन वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला आणि त्याबद्दल दोघं आपसांतसुद्धा एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर ती लबाडी ठरली असती. न बोलल्यामुळे ती नुसती सवय राहिली.

मग क्वालिटीतल्या जागेसाठी नोटीस लागली, अर्ज आतल्याच माणसांनी करायचे. एस्तेरनं केला. ती बीएस्सी झालेली, अर्ज करण्यात काही पाप नव्हतं. पाप पुढे झालं. नानांना आधी सांगता आलं असतं. साहेबांच्या कानावर घालून नानांना मानाचं दुसरं काम मागता आलं असतं. अगदीच नाही तर तिच्या जागी आलेल्या सृष्टीला दुसरा ठोका शिकवता आला असता. उद्या बघू, उद्या बघू करत तिनं यातलं काहीच केलं नाही. शनिवारी व्हॉट्सॅप ग्रुपवर निवडीची यादी आली आणि सोमवारी ती वर गेली. नानांनी जिन्याखालून हात वर केला आणि म्हणाले, बरं झालं पोरी. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला रात्री झोप तरी लागली असती.

दहा दिवस नानांनी निभावलं. कॅनचा वास येत नव्हता, तर ते कॅन आणणाऱ्याचा चेहरा वाचायचे. जो नजर चुकवेल त्याचा कॅन बाजूला. अकराव्या दिवशी तीन आंबलेले कॅन अशा माणसांकडून आले, ज्यांना आपलं दूध आंबलंय हे ठाऊकच नव्हतं. त्यांचे चेहरे स्वच्छ होते. दुपारी टाकीतलं सगळं दूध फाटलं. ते ओतून द्यावं लागलं आणि रात्रीपर्यंत आवारात आंबट वास कोंदून राहिला. वास येत नव्हता तो एकट्या नानांना.

चौकशी क्वालिटीकडे आली. तिथले प्रमुख हर्षलसर, माणूस वाईट नव्हता, पण नको तिथे हुशार. त्यांनी एस्तेरला विचारलं की, तू तीन वर्षं नानांच्या शेजारी होतीस, तुझ्या काळात असा एकही कॅन कसा सुटला नाही? एस्तेर म्हणाली, माहीत नाही सर. तिच्या नेमणुकीच्या पत्रात पहिले सहा महिने तात्पुरते असं लिहिलेलं होतं आणि ती ओळ तिला त्या क्षणी तोंडपाठ आठवली. सर म्हणाले, उद्या नानांची परीक्षा घेऊ, आणि पळी तूच धर.

दुसऱ्या दिवशी डॉकवर तीन कॅन मांडले. सगळी माणसं कामं सोडून जमली. पहिला कॅन चांगला होता, एक ठोका पडला, नाना म्हणाले "घ्या". दुसऱ्याचं झाकण निघालं आणि एस्तेरच्या नाकात आंबट भपकारा गेला. नाना वाकले. तिनं पळी बुडवली, वर काढली, काठावर एक ठोका मारला, पण पळी बाजूला नेली नाही.

सर तिच्या हाताकडे बघत होते.

नाना वाकलेलेच होते, वाट बघत. त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांत घाम दिसत होता. मनगट जरासं हललं असतं तरी पुरे होतं. तिनं ते हलू दिलं नाही. पळीतून दूध तिच्या नव्या बुटांवर ठिबकत राहिलं.

शेवटी नाना सरळ झाले. त्यांनी झाकण हळूच परत बसवलं, कमरेचा पंचा काढून हात पुसले.

"सायेब, मला वास येत न्हाई. कोरोनापासनं."

सरांनी विचारलं, "मग तीन वर्षं कसं चाललं?"

"चाललं नशिबानं," नाना म्हणाले. एस्तेरकडे त्यांनी नजरसुद्धा वळवली नाही.

नोकरी गेली नाही. उद्यापासून कॅन धुण्याकडे, असं ठरलं. अहवाल एस्तेरनंच लिहिला. आधी दोष का लक्षात आला नाही, या प्रश्नापुढे तिनं नानांचाच शब्द जरा शहाण्या भाषेत घातला, योगायोगाने, आणि खाली सही केली. आपल्या हाताची तिला किळस आली.

संध्याकाळी फाटकाशी नाना सायकल धरून उभे होते. आता बोलणी खायची, असं धरूनच ती पुढे गेली. बोलणी खायला मिळावीत असंच तिला वाटत होतं.

"पोरी, लई बरं केलंस," नाना म्हणाले. "दुसरा ठोका मारला न्हाईस ते. मारला असतास तर म्या पुन्ना 'बाजूला' म्हनलं असतं, आन् रिटायर होस्तवर खोटंच जगलो असतो. कवाधरनं सांगायचं हुतं, धीर हुईना. तुला कळलं ते. दुसऱ्या कुनाला कळलं नसतं."

तिच्या तोंडाशी आलं होतं की, नाना, मी तुमच्यासाठी नाही थांबले. मी घाबरले. दोन वाक्यं होती, मराठीच होती, पण ती निघाली नाहीत.

"व्हय नाना," ती म्हणाली.

नानांनी सायकल मांडीला टेकवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात होता तेवढा वेळ तिनं मान वर केली नाही.