एकमताने

आमच्या डेपोत पक्षाची सभा पहिली पाळी सुटल्यावर भरायची, बस धुतात त्या शेडमध्ये. ओल्या फरशीवर बाकं, समोर अध्यक्षांचं टेबल, त्यामागे झेंडा. मी सभासद नव्हते. कँटीनवाली म्हणून चहाची किटली घेऊन दारात उभी असायचे, त्यामुळे मत द्यायची कटकट माझ्यामागे नव्हती.

पक्ष म्हणजे एकच. सासूबाईंच्या लग्नाआधीपासून तोच सत्तेवर. विरोधी पक्ष नव्हता असं नाही. त्याचं ऑफिस आमच्याच पक्षाच्या इमारतीत, मागच्या अंगाला, संडासाला लागून. निवडणुकीत कोण आलं हे कुणी विचारत नसे, सुट्टी कधी आहे तेवढं विचारत.

सभेची एक रीत होती. चिटणीस ठराव हातात घेऊन घसा खाकरला की सगळ्यांचे हात वर. ठराव कशाचा होता ते मग चहा पिताना एकमेकांना विचारायचं. आमचे हे तर त्याच्याही पुढचे. ते चिटणिसाकडे बघायचेही नाहीत. पुढच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या दादाकडे बघायचे. दादा तेवढे ठरावाची पहिली ओळ ऐकून हात वर करायचे, आणि तो वर गेला की ह्यांचा वर. आई-वडील लवकर गेले, दादानेच वाढवलं, दादानेच डेपोत चिकटवलं. मला बघायलासुद्धा आधी दादाच आले होते. त्यांनी मान डोलावली, तेव्हा कुठे ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्यावरून ह्यांना चिडवायचे. आता वाटतं, चिडवण्याऐवजी भांडायला हवं होतं.

हे दादा, म्हणजे माझे भाऊजी, डेपोचे हेड मेकॅनिक. एकटा जीव, आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. एकदा पक्षाकडून डेपोला नव्या बस भेट आल्या. हारतुरे, भाषणं, सगळं झालं. भाऊजींनी एक बस आवारात फिरवून आणली, खाली उतरले आणि पाहुण्यांदेखत म्हणाले, "ब्रेक धड नाहीत. ह्या बस मी रस्त्यावर सोडणार नाही." माणूस खरं तेच बोलला, पण भलत्या ठिकाणी बोलला. पुढच्याच सभेत त्यांना पक्षातून काढायचा ठराव आला. आधी कुणाला कुणकुणसुद्धा नव्हती.

पक्षाबाहेरच्याला डेपोत काम नाही, आणि काम नाही त्याला खोली नाही. पण एक वाट होती. ठराव एकमताने झाला तर विषय तिथेच संपायचा. एक जरी हात खाली राहिला तरी तो फेरविचारासाठी जिल्ह्याला जायचा. जिल्ह्याचे अध्यक्ष भाऊजींच्या हाताखाली पाना धरायला शिकलेले, त्यांनी तो कागद केराच्या टोपलीत टाकला असता. ज्याच्यावर ठराव त्याचा स्वतःचा हात मोजत नसत. बाकीचे खाकरल्याबरोबर हात वर करणार, म्हणजे राहता राहिले आमचे हे. हात खाली ठेवणाऱ्याची चौकशी व्हायची, बढती अडकायची. तेवढं सोसलं असतं आम्ही.

चिटणीस खाकरला, हात वर झाले, आणि तो वाचू लागला. भाऊजींचं नाव ऐकून मी दारातच थिजले. आमचे हे मात्र खिळ्याने नखातलं ग्रीस काढत बसले होते. मधूनच मान वर करून दादाचा हात बघायचे. तो खाली, म्हणून ह्यांचाही खाली. सगळ्या शेडमध्ये तेवढे दोनच हात खाली होते. देवा, असेच राहू देत, असं मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात भाऊजींनी मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं. क्षणभरच. मग पुढे वळले आणि स्वतःचा हात वर केला.

"म्हातारा सवयीने स्वतःलाच काढतोय!" कुणीतरी फिसकन हसलं.

ह्यांचा हात वर गेला. "अहो!" मी ओरडले, पण तोवर अध्यक्ष "एकमताने मंजूर" म्हणून मोकळे झाले होते. हे शेजारच्याला विचारत होते, "कशाचा होता रे?"

दुसऱ्या दिवशी हे अध्यक्षांच्या पाया पडले. "साहेब, मी ऐकलंच नव्हतं."

"मग?" अध्यक्ष म्हणाले. "ऐकतं कोण?"

भाऊजींना देशाच्या दुसऱ्या टोकाला मावसभावाकडे जायचं होतं. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. उभ्या जन्मात कधी मोडला नाही असा माणूस, पण गाडीच्या खिडकीशी अंग चोरून बसला होता. हे खाली खिडकीची दांडी धरून उभे. इतके दिवस दोघांनी त्या सभेचा विषय काढला नव्हता. माफी मागायची म्हणून हे घरून ठरवून निघाले होते.

ह्यांनी तोंड उघडायच्या आत भाऊजीच बोलले. "धाकट्या, मनाला लावून घेऊ नकोस. मीच हात वर केला ना? तुझा खाली दिसला मला. म्हटलं, हा माझ्यासाठी अडून बसला तर ह्याच्या संसाराची वाट लागेल. म्हणून तुला मोकळं केलं." गाडी सुरू झाली तसे ते खिडकीतून वाकले. "सगळे हात वर होते रे. एकटा तू थांबला होतास. माझं नाव ऐकून थांबलास ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. दादाचा हात बघून नव्हे, कुणाला विचारून नव्हे, ह्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचं स्वतः ठरवलं.

"हो दादा," हे म्हणाले. "नाव ऐकून थांबलो होतो."

भाऊजींचा चेहरा असा उजळला, की गाडी वळेपर्यंत आम्हाला दोघांनाही मान खाली घालता आली नाही.