फैझलचा हात आणि माझा तळ

मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. दप्तर नव्हे, पर्स नव्हे. केवळ ठोसे खाण्यासाठी जन्माला आलेली बॅग. पुण्याच्या भवानी पेठेत, लाकडाच्या वखारींच्या मागे, नवजवान मुष्टियुद्ध मंडळ नावाची पत्र्याची शेड आहे. तिच्या सागवानी तुळईला मी कित्येक वर्षं साखळीने लटकते आहे. मित्रांनो, एवढ्यावरून माझी कीव करू नका. मार खाणं हाच माझा धंदा, आणि तो मी इमानाने केला. माझी तक्रार वेगळीच आहे.

माझा जन्म एक्क्याण्णव सालचा. मंडळाचे वस्ताद नागोराव यवतमाळकडून पुण्यात आले ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला, आणि इथे येऊन बॉक्सिंगच्या नादी लागले. त्यांनीच एक जुनी ताडपत्री दुहेरी करून दाभणाने मला शिवलं. पोटात भरायला पोरांनी घरोघरचे जुने कपडे आणले. कारखान्यातल्या खाकी पँटी आल्या, फाटक्या चादरी आल्या, नागोरावांच्या बायकोचं, वेणूबाईंचं, एक विटलेलं लुगडंही आलं. तरी पोट भरेना, तेव्हा शेजारच्या वखारीतून पोतंभर भुसा आणून ओतला.

भुशाची एक खोड असते. तो एका जागी राहत नाही. ठोसे बसतील तसा तो खाली उतरतो, घामाची ओल धरतो आणि तळाशी घट्ट बसतो. म्हणून नागोरावांनी शिरस्ताच घालून दिला. दरवर्षी खंडेनवमीला, अवजारांची पूजा होण्याआधी, मला खाली उतरवायचं, तोंडाची दोरी सोडायची, सगळा ऐवज उन्हात पसरायचा, गोळे फोडायचे आणि पुन्हा भरायचं. त्यानंतरच हळदकुंकू आणि झेंडूचा हार. अशी निगा राखल्यामुळे मी मऊ होते, सरळ होते, आणि पाहुणे खेळाडूसुद्धा मला थोपटून म्हणायचे, "बॅग असावी तर अशी!" मला ते आवडायचं. आवडलं तर सांगायला काय हरकत आहे?

फैझल माझ्याकडे आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. बघता बघता तो एवढा वाढला की मंडळाला पहिल्यांदाच आपला स्वतःचा हेवीवेट मिळाला. दिवसभर तो लाकूड बाजारात हमाली करायचा आणि संध्याकाळी माझ्याशी दोन हात. बोलायचा फार कमी. त्याचा उजवा ठोसा बसला की तुळईवरची धूळ खाली यायची.

दोन हजार साली, पावसाळ्यात, शहराच्या स्पर्धेत त्याची गाठ खडकवासल्याच्या सर्जेरावाशी पडली. सर्जेराव अवघ्या एका गुणाने जिंकला. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या स्पर्धेत दोघं पुन्हा भिडणार हेही त्याच आठवड्यात ठरलं. चिंचवडच्या एका कारखान्याने कळवलं की त्या लढतीत जिंकेल त्याला खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी. कारखान्यांना आता खेळाडू पोसायचे नव्हते. ही शेवटचीच भरती होती.

झालं. त्या दिवसापासून मंडळात व्यायाम कमी आणि काथ्याकूट जास्त.

"सर्जेरावच बाजी मारणार," सुदर्शन म्हणायचा. हा कर्वेनगरचा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. यायचा मुठी चालवायला, पण चालायचं तोंडच. "पर्सनली घेऊ नका काका, डेटाच तसं सांगतो."

"तुमचा डाटा ठोसा खाते काय?" नागोराव उसळायचे. "फैझलचा उजवा एकदा बसला ना बाप्पा, तर तो सर्जेराव थेट धरणात जाऊन पडते!"

"मग मागच्या वेळी का नाही पडला? धरण भरलं होतं का?"

असं रोज चाले. शब्दाला शब्द लागे, चहा गार होई, आणि पोरं सराव सोडून भोवती कोंडाळं करून उभी राहत. मी आपली मधोमध लटकून दोन्ही बाजू ऐकायचे. खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायची.

एका संध्याकाळी फैझलची आई, खातूनबी, त्याचा डबा घेऊन आली. वाद रंगात आलेला. तिने जरा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नागोभाऊ, कोण जिंकेल ते तुम्ही ठरवा. मला फक्त पोराच्या पाठीवरचं लाकूड उतरलेलं बघायचंय. त्याच्या अब्बांची पाठ याच बाजारात मोडली." डबा ठेवून ती निघाली. ती वळणावरून दिसेनाशी होताच वाद पुन्हा सुरू झाला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सुदर्शनने पहिल्या लढतीची व्हिडिओ कॅसेट आणली होती. त्यासाठी बुधवार पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून टीव्ही भाड्याने आणला. सकाळपासून एकच फेरी पुढे-मागे करून बघणं चाललं होतं. दुपार टळली. पूजेची वेळ झाली तेव्हा कुणीतरी घाईघाईने माझ्या कपाळी हळदकुंकू लावलं आणि गळ्यात हार घातला. मला खाली कुणी उतरवलंच नाही. त्या साली माझी दोरी सुटली नाही. एवढा मोठा हार मला पूर्वी कधी मिळाला नव्हता, हेही सांगून ठेवते.

त्या कॅसेटमधून मात्र एक शोध लागला. उजवा ठोसा मारताना सर्जेरावाचं डावं कोपर वर उचललं जातं आणि बरगडी उघडी पडते. पहिल्यांदाच सुदर्शन आणि नागोराव यांचं एकमत झालं. फैझलने खाली मारायचं. बरगडीवर. तर तो जिंकतो.

फैझल आज्ञाधारक पोरगा. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या वरच्या अंगाला हात लावेना. खाली वाकून, पूर्ण ताकदीने, तळाजवळ हूक मारू लागला. तिथे वर्षभराचा भुसा घामाने भिजून दगडासारखा झाला होता. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

"काका, बॅग खाली कडक लागतेय," तो एकदा म्हणालासुद्धा.

नागोराव सुदर्शनशी तिसऱ्या फेरीवर भांडत होते. मान न वळवता म्हणाले, "उद्या पाहू रे, बेटा."

तो उद्या आला नाही. लढत तोंडावर आली असताना एका संध्याकाळी फैझलने उजवा हूक घातला आणि माझ्या तळाशी काडकन आवाज झाला. तो ओरडला नाही. ग्लोव्ह काखेत धरून खाली बसला. पंजाचं हाड मोडलं होतं. मला त्या क्षणी जितकं वाईट वाटलं तितकं आयुष्यभराच्या माराने वाटलं नव्हतं.

लढत झालीच नाही. पंचांनी सर्जेरावाला न खेळताच विजयी ठरवलं. दोन दिवसांनी तो एकटाच मंडळात आला. कुणाला वाटलं, टेंभा मिरवायला आला. तो सरळ माझ्यापाशी आला, बोटांनी मला वरून खालपर्यंत चाचपलं आणि तळावर थाप मारली.

"हिची दोरी कवा सोडली व्हती?"

त्याने स्वतःच साखळी काढली, मला आडवं केलं आणि दोरी सोडली. आतून भुशाचा काळपट गोळा निघाला, नारळाएवढा. नागोरावांनी तो हातात घेतला. "माह्या हातानं झालं हे," एवढंच ते म्हणत राहिले. सुदर्शनने कॅसेट पिशवीत घातली. त्या दिवशी मंडळात कुणीच कुणाशी वाद घातला नाही.

फैझलचा हात जुळून आला, पण नोकरी सर्जेरावाला गेली ती गेलीच. आता तो हिंजवडीच्या कंपन्यांची माणसं गाडीतून पोहोचवतो, आणि खातूनबी म्हणते, लाकूड तरी उतरलं. रविवारी तो माझ्याकडे येतो. हात मोडल्याला वर्ष झाल्यावर एका रविवारी सर्जेरावही आला, कारखान्याचा निळा शर्ट घालून. फैझल मारत होता. सर्जेरावाने मागून मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. जो बॅग धरतो त्याला ठोसा अंगात जाणवतो. चार-पाच उजवे बसले आणि सर्जेरावाने हात सोडले.

"मिटवा आता त्यो वाद," तो सगळ्यांना म्हणाला. "म्या हारलो असतो."

"बघा! मी काय म्हनत होतो!" नागोराव आनंदाने ओरडले. सुदर्शनने हरकत घेतली. पोरांनी टाळ्या पिटल्या. शेड पुन्हा डोक्यावर घेतली गेली.

फैझल हातावरच्या पट्ट्या सोडत होता. त्याने वर न बघता विचारलं, "नोकरी कशी आहे, भाऊ?"

"बरी हाय," सर्जेराव म्हणाला, आणि शर्टाची बटणं चाचपत राहिला.

मित्रांनो, फैझलचा ठोसा आणि सर्जेरावाची पकड, दोन्ही मी अंगावर घेतली आहेत. सर्जेराव खरं तेच बोलला. पण हे कळून आता कुणाचं काय भलं होणार? तुम्ही तुमच्या आवडत्या खेळाडूसाठी जरूर भांडा, घसा बसेपर्यंत भांडा. फक्त ज्या वस्तूवर तो रोज भरवसा टाकतो ती भांडता भांडता उघडून बघा, उन्हात टाका, नीट भरा. वाद घालायला तोंड लागतं. हात मोकळेच असतात.