जमिनीचं पोट भरलं

माझ्या लेकीला, वान्गेचीला, जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षीच्या मोठ्या पावसात आमच्या गावातून भेग गेली. मक्याच्या शेतातून निघाली, रस्ता कापला आणि माझा धाकटा भाऊ गाचेरू याच्या घरापासून वीस पावलांवर थांबली. गाचेरू वळकटी घेऊन माझ्याकडे राहायला आला.

सातव्या दिवशी भेगेच्या टोकाशी ही गर्दी! पांढरा झगा घातलेले बाबा मुरेगी मातीवर दूध ओतत होते.

"जमीन भुकेली आहे! तुम्ही तिला विसरलात, म्हणून तिनं तोंड वासलं!"

सहा दिवस माती दूध गटागट पीत होती आणि घरटी एक शेळी बाबांच्या दावणीला जात होती. आज मात्र दूध वरच राहिलं. थेंब मुरेना.

"पोट भरलं!" बाबा ओरडले. "आता भेग पुढं सरकायची नाही. आपापल्या घरी जाऊन खुशाल निजा."

मुलगा झाल्यावर देतात तशा पाच आरोळ्या बायकांनी दिल्या.

मी शाळेत स्वयंपाक करायचे. अकरा वर्षं मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घोटली, पण एकही पोर कधी 'आजी, छान झाली' म्हणालं नाही. मग नासेरियन बाई शिकवायला आल्या. माझ्याच उगालीचे डोंगर करायच्या, माझ्याच घेवड्याच्या आमटीच्या नद्या सोडायच्या, आणि पोरं घरी जाऊन सांगायची, "आज बाईंची उगाली खाल्ली!" बाईंची! माझी सख्खी नात गाथोनीसुद्धा ताट घेऊन त्यांच्याकडे धावायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या दुपारी बाईंनी ताटात उगालीचा जाड थर थापला, मधोमध पार कडेपर्यंत खाच पाडली, खाचेत कोरडं पीठ भरलं आणि वरून उगालीचा पातळ पापुद्रा लावला.

"हा आपला गाव. पीठ म्हणजे जुन्या भेगेत साठलेली ज्वालामुखीची राख. वरून काही दिसतं?"

"नाही, बाई!"

"आता पाऊस पाडा."

पोरांनी पातळ आमटी ओतली. कडेनं पीठ वाहून आलं आणि वरचा पापुद्रा मधोमध खाली बसला.

"जमीन भुकेली नाही रे. पाण्याबरोबर तिच्या पोटातली राख वाहून जाते. आणि ही रेघ सरळ गाचेरूआजोबांच्या घराखालून जाते."

गाथोनी बोटं चाटत म्हणाली, "मग आज दूध का नाही मुरलं?"

बाई उठल्या. "चला, उकरून बघू."

पोरांनी गावासमोर दोन बोटं माती उकरली. खाली पिठाची प्लास्टिकची गोणी पसरलेली!

बाबा डगमगले नाहीत. "तृप्त जमिनीनं स्वतः अंथरूण घातलं!"

"जमीन बाजारात जाते का हो, बाबा?" बाई म्हणाल्या. काहीजण हसले.

"अन्नाशी खेळणारी बाई मला शिकवणार? ही गोणी मी ठेवली म्हणतेस, तर साक्षीदार आण!"

"अन्नाशी खेळ, हे बाकी खरं," कुणीतरी पुटपुटलं.

गोणीच्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्याची गाठ होती. स्वयंपाकघरातल्या गोण्या कुणी पळवू नयेत म्हणून ती मीच मारायचे. परवाच बाबा माझ्या चुलीपाशी येऊन बसले होते. "आई, हा गाव तुझ्या हातांवर जगतो, त्या बाईवर नव्हे." मी विरघळले. "एखादी रिकामी गोणी असेल का, आई?" मी दिली.

"आजी," बाईंनी विचारलं, "ही आपल्या स्वयंपाकघरातली आहे का?"

सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघू लागला. एक वाक्य पुरे होतं. पण बोलले असते तर बाई जिंकल्या असत्या.

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "अशा गोण्या छप्पन्न असतात."

गाचेरू हसला. "बघ, ताई, उगालीला भिऊन मी घर सोडून बसलो होतो! चला, तुझ्या घोरण्यातूनही सुटलो." वळकटी उचलून तो घरी गेला. बाई त्याच्यामागे बांधापर्यंत विनवत गेल्या. त्यानं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. मी उगाली घोटत होते, तेव्हा पायाखालची जमीन दणकली. सगळ्यांच्या आधी बाई धावल्या. गाचेरूचं घर होतं तिथे खड्डा होता, आणि त्याच्या तळातून राखेचं पाणी वाहत होतं. ताटाच्या कडेनं पीठ वाहिलं होतं, अगदी तसं.

मग मी बोलले, सगळ्या गावासमोर, ती गाठ दाखवून. तोवर बाबा शेळ्यांसकट पसार झाले होते.

जमिनीला भूक लागत नाही, रागही येत नाही. खाली पोकळ झालं की ती खचते. नऊ वर्षांच्या गाथोनीला जे ताटात दिसलं, ते आम्हाला डोळे असून दिसलं नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी दोन बोटं माती उकरून बघा. आणि सांगणारा आपल्याला आवडत नाही म्हणून खरं नाकारू नका. अक्षरं मी पुढे बाईंकडूनच शिकले, हे लिहून ठेवायला.

माझा भाऊ गाचेरू त्या वर्षी मे महिन्याच्या नऊ तारखेला, गुरुवारी दुपारी, घर खचून मेला.