अंधार समितीचे अध्यक्ष

आमच्या काल्डर वेल्स गावाला अंधार समिती आहे. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण तिन्ही बाजूंनी वाळवंटी उद्यान असलेलं हे गाव अंधारावरच पोट भरतं. माणसं दिवसा दऱ्याखोऱ्यांतून पाय दुखेपर्यंत हिंडतात, ऊन उतरलं की माळावर उभे केलेले लोखंडी प्राणी बघतात, आणि अंधार पडला की खुर्च्या टाकून आकाशाकडे तोंड करून बसतात. मग झोपायला माझ्या मोटेलात येतात.

समितीत आम्ही तिघं. मी, दातांचे निवृत्त डॉक्टर फेंटन, आणि अध्यक्ष वेंडेल ऑर्डवे. वेंडेलचा सगळा जन्म शहराच्या रस्त्यांवर दिवे बसवण्यात गेला. नोकरी संपली, बायको वारली, तसा तो इथे आला. पहिल्या रात्री अंगणात उभा राहून त्याने आकाश पाहिलं आणि आपण आयुष्यभर काय करत होतो ते त्याला कळलं म्हणे. तेव्हापासून तो दिवे विझवत सुटला. नियम त्यानेच लिहिला: सूर्य मावळल्यावर गावातला कुठलाही दिवा उद्यानातून दिसता कामा नये. पेट्रोल पंपाच्या दिव्यांना टोपणं आली. चर्चच्या क्रूसावरचा दिवा गेला. माझ्या मोटेलच्या पाटीवर निऑनचा ससा पळायचा, तोही विझला. त्या वर्षापासून माझ्या खोल्या भरायला लागल्या. फक्त आलेल्या माणसांना मोटेल सापडत नाही. हातात टॉर्च घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहते, तीसुद्धा लाल उजेडाची, कारण पांढरी चालत नाही.

सगळं गाव वाकलं, एकटी रेमी साल्सिडो वाकली नाही.

माळावरचे ते लोखंडी प्राणी रेमीचे. घरापेक्षा उंच मॅमथ, उंटांची जोडी, शेपूट उगारलेला विंचू. बाई साठीची, ठेंगणी, दंड कसलेल्या गड्यासारखे. दिवसा इथे उन्हात पडलेल्या पत्र्याला हात लागला तर कातडी त्यालाच चिकटून राहते, म्हणून ती ऊन गेल्यावर वेल्डिंग करायची. तिच्या उघड्या आवारातून निळ्यापांढऱ्या ठिणग्या उडायच्या आणि गावाच्या त्या टोकाला वीज चमकल्यासारखं व्हायचं. वेंडेल कुंपणाशी जाऊन तिला नियम वाचून दाखवायचा. ती मुखवटा वर करून शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, म्हणायची, "हा दिवा नाही, वेंडेल, हे काम आहे," आणि मुखवटा खाली पाडायची.

गंमत अशी की तारे दाखवायला वेंडेल पाहुण्यांना न्यायचा तो रेमीच्या मॅमथपाशीच. मॅमथच्या सुळ्यांमध्ये आकाशगंगा बरोबर बसते, फोटो छान येतो. तिथे उभा राहून तो दर वेळी एकच वाक्य सांगायचा, की ज्याला ध्रुवतारा ओळखता येतो तो माणूस कधी हरवत नाही.

ऑक्टोबरात त्याने रेमीविरुद्ध रीतसर तक्रार केली. फेंटन म्हणाले, तक्रार ठीक आहे, पण उजेड उद्यानातून दिसतो याला पुरावा काय. गावातून सगळ्यांनाच दिसतो, नियम उद्यानाचा आहे. नियम ज्याने लिहिला त्याला हे पटावंच लागलं. तेव्हा एका दुपारी वेंडेल कॅमेरा, तिकाटणं, पाण्याची बाटली आणि लाल टॉर्च घेऊन उद्यानातल्या मेंढकड्यावर चढला. तिथून सगळं गाव तळहातावर दिसतं. मोबाईल मुद्दाम गाडीत ठेवला. त्याच्या पडद्याच्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात, असं त्याचं म्हणणं.

सूर्य मावळला. वेंडेल कॅमेरा रोखून बसला. आणि नेमकी त्या दिवशी रेमीची बहीण आली होती, म्हणून रेमीने काम लवकर सुरूच केलं नाही. वेंडेलला खाली सुंदर, निर्दोष काळोख दिसत राहिला. असा काळोख बघून एरवी त्याचं मन भरून आलं असतं. त्या दिवशी तो वैतागला. पाणी संपत आलं तसा तो उठला.

उतरताना ढग आले. आमच्याकडे वर्षात मोजके दिवस ढग येतात, त्यातला तो एक. ध्रुवतारा गेला, पाठोपाठ बाकीचेही गेले. टॉर्चचा लाल उजेड पावलापुरता पडत होता. अशा उजेडात सगळे ओढे सारखेच दिसतात. तो भलत्याच कोरड्या ओढ्यात उतरला. थोड्या वेळाने टॉर्च मिणमिणली आणि गेली. मग तो धोंड्यांवरून घसरला. गुडघा मुरगळला, कॅमेरा खळखळत खाली गेला, आणि आधाराला म्हणून धरायला गेला ते चोया निवडुंग निघालं. त्याच्या काट्यांना उलटे आकडे असतात. पोटरीला आणि तळव्याला त्याचे गोळेच्या गोळे चिकटले.

कसाबसा तो एका उंचवट्यावर चढला आणि गाव शोधायला लागला. गाव नव्हतंच. पंप नाही, चर्च नाही, माझा ससा नाही. चारी बाजूंना सारखंच काळं. पुढे एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने मला हे सांगितलं. म्हणाला, "एकेका दिव्यासाठी मी घरोघर भांडलो होतो. तिथे बसून मी त्यातला प्रत्येक दिवा आठवून बघितला. कुठला कुठल्या दिशेला होता ते मला तोंडपाठ होतं. आणि त्यातला एकही लागलेला नव्हता."

वारा गार झाला होता. रात्र तिथेच काढावी तर अंगात पातळ सदरा. ओरडावं तर ऐकायला कोण. आणि खरं सांगायचं तर ओरडायची त्याला लाजही वाटत होती.

इतक्यात खाली, त्याने कल्पनाही केली नसती अशा बाजूला, निळी ठिणगी चमकली. विझली, पुन्हा चमकली, आणि मग थरथरत तेवत राहिली. बहिणीला जेवू घालून रेमी कामाला लागली होती.

वेंडेल त्या उजेडाकडे चालत सुटला. चालत म्हणजे काय, कधी बसून घसरत, कधी रांगत. ठिणगी मध्येच थांबली की तोही थांबायचा. रेमी नवा तुकडा जुळवत असेल तेवढा वेळ अंधारात उभा राहायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, लाव बाई, लवकर लाव.

तिच्या कुंपणापाशी पोचला तेव्हा रेमी एका मेंढ्याच्या शिंगाला जोड देत होती. तिने मुखवटा वर केला. समोर समितीचे अध्यक्ष, नियमात सांगितलेल्या वेळी, नियमात सांगितलेल्या गुन्ह्याच्या जागी.

"या साहेब," ती म्हणाली. "पंचनामा करायला आलात?"

वेंडेल म्हणाला, "पाणी दे."

मग तिला त्याची पोटरी दिसली. तिने त्याला लोखंडाच्या थप्पीवर बसवलं, पाणी पाजलं, आणि बहिणीच्या फणीने निवडुंगाचे गोळे उपटून काढले. उरलेले काटे पकडीने एकेक ओढले. तो दात आवळून बसला होता. तिने बीन्स आणि टॉर्टिया पुढे ठेवल्या. तो खात असताना तिने एवढंच विचारलं, की वर कशाला गेला होतास. वेंडेलला खोटं बोलता येत नाही. त्याने सांगितलं, तुझ्या उजेडाचा फोटो काढायला.

"मिळाला?"

"कॅमेरा दरीत पडला."

रेमी इतकी हसली की बहीण आतून धावत आली.

सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, तक्रार आता मागे घेतली जाणार. पुढच्या बैठकीला एरवी चार माणसं येत नाहीत, तर त्या दिवशी बाकं पुरेनात. वेंडेल काठी टेकत आला, अध्यक्षाच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, तक्रार कायम आहे, पण आधी मला साक्ष द्यायची आहे.

त्याने सगळं सांगितलं. ढग, टॉर्च, चोया, काही लपवलं नाही. ध्रुवताऱ्याचंही सांगितलं. शेवटी रेमीकडे बघून म्हणाला, "तो उजेड मला चार मैलांवरून दिसला. म्हणून मी आज इथे बसलोय. तुझे आभार मानायचे राहिले होते, ते सगळ्यांसमोर मानतो."

मागे कोणीतरी नाक शिंकरलं. फेंटनसाहेबांनी तेवढ्यात घसा साफ केला. लोकांना तोंड उघडायला लावण्यात त्यांचा जन्म गेलेला आहे.

"कुठून दिसला म्हणालास?"

"मेंढकड्याच्या खालून. चार मैलांवरून."

"म्हणजे उद्यानातूनच."

"हो."

"मग पुरावा झाला की," फेंटन म्हणाले. "एवढा चोख साक्षीदार आपल्याला आजवर मिळाला नव्हता."

वेंडेलच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी शेजारून पाहिलं. आभार मानताना आपण काय बोलून गेलो, ते त्याला त्या क्षणी उमगलं. मी म्हटलं, ज्या उजेडाने माणूस वाचला तो बंद करायचा म्हणजे जरा अतीच होतं, माझं मत रेमीच्या बाजूने. फेंटन म्हणाले, हळवेपणा ठेवा बाजूला, माणूस वाचला हा नियमाला अपवाद म्हणून कुठे लिहिलेला नाही. त्यांचं मत विरुद्ध. राहिलं अध्यक्षांचं.

वेंडेल बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिला. मग म्हणाला, नियम मोडलेला आहे. उजेड उद्यानातून दिसतो. रेमीने आवाराला आडोसा घालावा, मगच काम करावं.

रेमी उठून उभी राहिली. ती चिडलेली नव्हती, हेच जास्त अवघड होतं. "आडोसा कोण घालणार?" तिने विचारलं. "माझ्या हातातला मेंढा अर्धा राहिलाय."

"मी घालतो," वेंडेल म्हणाला.

"आणि पुढच्या वेळी हरवलास म्हणजे?"

"पुढच्या वेळी टॉर्च तपासून घेईन."

दुसऱ्या दिवसापासून वेंडेल तिच्या आवारात हजर. गुडघ्याला पट्टा, डोक्याला टोपी. लोखंडी खांब रोवायचे, त्यावर पन्हाळी पत्रे ठोकायचे, वरून छप्पर, एवढं साधं काम. पण हा माणूस दिवे बसवणारा. उजेड अडवायचं काम त्याने कधी केलेलं नव्हतं. पहिला खांब वाकडा रोवला गेला. रेमीने उपटायला लावला. जोड त्याने दिले की ती हातोडीची एक टिचकी मारायची आणि जोड सुटून पडायचा. "तुझ्या नियमापेक्षा कच्चा आहे," म्हणायची. मग त्याला मुखवटा चढवून स्वतः शिकवायची.

आडोसा पुरा होईपर्यंत तिला संध्याकाळी काम करता येईना, म्हणून दिवस मावळला की दोघं दारात कॉफी पीत बसत. एवढी वर्षं इथे राहून तिने तारे कधी निवांत बघितले नव्हते. त्या वेळी ती मुखवट्याच्या काळ्या काचेआड असायची. तो तिला दाखवायचा. ती नावं विसरायची आणि मुद्दाम चुकीची सांगायची. आधी मी हे भिंतीच्या कामाची पाहणी म्हणून बघायला जात होते. नंतर नुसतीच बघायला जाऊ लागले.

शेवटी नोव्हेंबरात भिंत उभी राहिली. समितीने तपासणी करायची ठरलं. रेमी आत वेल्डिंग करणार आणि आम्ही कड्यावरून बघणार. फेंटनसाहेबांनी कंबर दुखते म्हणून सांगितलं, तेव्हा वेंडेलबरोबर मी गेले. पाहुण्यांना ती वाट रोज नकाशावर दाखवते, पण स्वतः चढून मला कित्येक वर्षं झाली होती. धापा टाकत, पावलोपावली थांबत, मी वर पोचले तेव्हा पश्चिमेला शेवटची तांबूस रेघ राहिली होती. वेंडेलने या खेपेला दोन टॉर्च आणल्या होत्या आणि मला मोबाईल आणायला बजावलं होतं.

अंधार पडला. तारे इतके झाले की मान कुठे वळवावी कळेना. वेंडेलने एकदाही वर पाहिलं नाही. तो रेमीच्या घराच्या बाजूला डोळे लावून बसला होता.

ठरलेली वेळ झाली. म्हणजे खाली ती आता शिंगाला जोड देत असणार, ठिणग्या उडत असणार. मी नीट बघितलं. काही नव्हतं. सगळीकडे सारखं काळं. नियमाचं इतकं काटेकोर पालन जिल्ह्यात कुठे झालं नसेल. मी म्हटलं, अभिनंदन, अध्यक्ष.

काम संपलं की माणसाचे खांदे हलके होतात. त्याचे आणखीच खाली आले होते.

माझा मोबाईल वाजला. रेमी होती. मी तो त्याच्या हातात दिला.

"दिसतंय का?" तिचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला.

वेंडेलने खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं. ज्या माणसाने आपला जीव वाचवणाऱ्या बाईविरुद्ध खरी साक्ष दिली, तो माणूस शांतपणे म्हणाला, "दिसतंय. थोडंसं."

"कुठून?"

"डाव्या कोपऱ्यातून. वरच्या पत्र्याला फट असावी."

मग ती म्हणाली, "सकाळी ये. आणि येताना पाव आण, घरातला संपलाय."

त्याने मोबाईल मला परत दिला. मी त्याच्याकडे बघत राहिले, तसा तो मला उगाच एक तारा दाखवायला लागला.

तपासणीचा निकाल मी समितीला कळवला: काम अपुरं, मुदत वाढवावी. फेंटन वैतागले, पण सही केली. या कामाला आता दुसरा हिवाळा लागला. डावा कोपरा झाल्यावर उजव्यातून दिसायला लागलं, मग छपरातून. तपासणीला प्रत्येक वेळी वेंडेल आणि मी जातो, आणि मला काही दिसत नाही. पण अध्यक्ष तो आहे. मी साधी सभासद.