घरटी एक खुर्ची

"जुन्या खुर्च्या भंगारात दिल्या?" आत्याने विचारले. आपण काहीतरी भलतेच ऐकले, असे तिला वाटले.

सभागृह समितीचा नवा अध्यक्ष हसत होता. सभागृहाला नवा रंग लागला होता, पडदे आले होते, आणि वरचे प्लास्टिकही न काढलेल्या निळ्या खुर्च्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या रांगेत होत्या. "कसं एकसारखं दिसतंय बघा, आत्या," तो म्हणाला. गावभर तिला आत्याच म्हणतात; सख्खी भाची मी एकटीच. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

हे सभागृह आत्याने दारोदार फिरून उभे केले. देणगी मागितली नाही, घरटी एक खुर्ची मागितली. लाकडी, लोखंडी, डुगडुगणारी, कसलीही. देणगीदार देऊन मोकळा होतो, ज्याची खुर्ची असते तो बसायला येतो, हे तिचे गणित. आणि लोक आले. शिवणवर्ग चालले, भाऊबंदकीची भांडणे इथे बसून मिटली. पोस्टमनच्या खुर्चीचा एक पाय आखूड, म्हणून त्याला सगळे 'लंगडे सरकार' म्हणायचे. खुर्ची घेताना आत्या प्रत्येकाला एकच शब्द द्यायची: खुर्ची तुमचीच, फक्त राहील इथे.

तिचा तो शब्द या शहाण्याने टेम्पोत भरून पाठवला. तिला विचारायचीही गरज वाटली नाही त्याला. मी तडक भंगारवाल्याकडे गेले. लाकूड जळणाला गेले होते, लोखंड कधीच पुढे रवाना झाले होते.

संध्याकाळी उद्घाटन, त्यात आत्याचा सत्कार. मी म्हटले, जाऊ नकोस, त्याचे तोंडही बघू नकोस. तरी गेली. अध्यक्षाने एवढे गोडवे गायले की माझे कान किटले. शेवटी माईकवरून म्हणाला, "बसा ना आत्या, कुठंही बसा."

"कुठंही बसायला मी पाहुणी आहे का?" असे म्हणून आत्याने हातातला गुच्छ टेबलावर ठेवला आणि सरळ घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर निघाली, माफी मागायला. चूक त्याची, आणि खाली मान घालायची हिने. मी चरफडत बरोबर होते. बहुतेकांनी 'जाऊ द्या हो, मोडकीच होती' म्हणून विषय संपवला. त्याचाही मला संतापच आला. मोडकी असली म्हणून काय झाले?

शेवटचे घर सुतारकाकूंचे. नवऱ्याने स्वतःच्या हाताने घडवलेली खुर्ची त्यांनी दिली होती. तो गेल्यावर त्या रोज संध्याकाळी सभागृहात येऊन तीत बसायच्या. आत्या सांगायला लागली, पण त्यांना कालच कळले होते.

"घरी घेऊन जावी, असं कितीदा मनात आलं," काकू म्हणाल्या. "पण म्हटलं, असू दे. आत्यांकडे आहे."

मग त्यांनी आमच्यासाठी चटई अंथरली. आत्याचे गुडघे वाकत नाहीत. तरी माझा हात न धरता ती खाली बसली.