वलांडीवर वाळलेली रॅकेट

माझी मान डावीकडे वाकलेली दिसते ना, मित्रांनो? जन्मतः मी अशी नव्हते. मी एक जुनी लाकडी टेनिस रॅकेट आहे आणि ऐन उमेदीत एकदा बोंबलांच्या शेजारी वाळत पडले होते. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. डहाणूच्या एका चिकूवाडीच्या मालकांनी मला हौसेनं आणलं. पहिल्याच वर्षी माझी तात, म्हणजे विणीची दोरी, तुटली, तेव्हा त्यांनी मला क्लबातल्या गणूला देऊन टाकलं. गणू मांगेल्यांचा, म्हणजे मासेमारांच्या घरचा, जाळी विणण्यात हात बसलेला. त्यानं मला अशी घट्ट विणली, की मालकांना दिल्याचा पस्तावा झाला असेल.

गणू क्लबात मार्कर होता. पगार घेऊन सभासदांशी खेळायचं, त्यांना शिकवायचं, हे मार्करचं काम. त्याचा जोडीदार गंजाड गावचा चैत्या, तोही क्लबात पगारी. सकाळी तो मैदान शेणानं सारवून चुन्याच्या रेघा मारी आणि संध्याकाळी जाळीपाशी उभा राही. मागे गणू, पुढे चैत्या. गणूनं "सोड" म्हटलं की चैत्या मान खाली घाली आणि मी त्याच्या डोक्यावरून चेंडू धाडी. आठ वर्षांत मी त्याला एकदाही लागले नाही. सभासद आम्हाला वाहवा देत. पण पगारी खेळाडूला त्यांच्या स्पर्धांत मज्जाव होता. मार्करांची जोड्यांची स्पर्धा वर्षातून एकदाच मुंबईला भरे. तिचा पेला एकदा तरी डहाणूला आणायचा, हा गणूचा ध्यास. चाळिशी जवळ आली होती आणि खांदा कुरकुरू लागला होता.

१९५८ च्या थंडीतली गोष्ट. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी खाडी ओलांडताना होडी कलली आणि मी पाण्यात पडले. गणूनं मला काढलं, पुसलं. ओल्या रॅकेटला स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून सावलीत ठेवायचं असतं, हे तो दुसऱ्यांना शिकवी. पण घाईत मला दाराशी टेकवून तो कामाला गेला. मांगेल्यांच्या घरी ओलं दिसलं की ते वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंवर, जातं. त्याची बायको चंद्रावती हिनं मायेनंच मला बांबूवर, बोंबलांच्या रांगेत टांगलं. ऊन कडक होतं. संध्याकाळपर्यंत माझी मान वळली ती वळलीच.

"ओली व्हती, म्हून टाकली वलांडीवर," ती म्हणाली. "मना काय ठावं, तिला ऊन बाधतं ते?"

गणू मला घेऊन आत गेला. जेवलाही नाही. पहाटे तिनं भाकरीचं गाठोडं पुढे केलं, ते न बघता घेऊन तो निघाला. मला फार वाईट वाटलं. एवढा अबोला त्या घरानं कधी पाहिला नव्हता.

मुंबईच्या क्लबात माझ्या वासानं लोकांनी नाकं मुरडली. मला बघून तिथला बडा मार्कर नारू पुढे आला. जोड्यांची नावं दुपारपर्यंत बदलता येत होती. त्यानं आपली नवी कोरी रॅकेट गणूच्या हातात दिली आणि म्हणाला, "माझ्या जोडीनं खेळ, ही तुझी. या वाकडीनं पहिलीच मॅच हरशील."

गणूनं ती तोलून पाहिली. खोटं कशाला बोलू, बराच वेळ तोलली. चैत्या जवळच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आला आणि त्यानं गणूच्या काखेतून मला ओढून घेतलं.

"ही दे मना," चैत्या म्हणाला. "मी जाळीपाशी उभा. मना निसता आडवायचाय. माझी तू घे."

गणूनं नव्या रॅकेटकडे एकवार पाहिलं आणि ती नारूला परत केली.

चैत्यानं दहा-बारा चेंडूंत माझं वाकडेपण ओळखलं. उजवीकडे नेम धरायचा, म्हणजे चेंडू मधे पडतो! समोरच्यांना मात्र तो कुठे जाईल याचा पत्ता लागेना. दोन सामने आम्ही असे जिंकले. अंतिम सामना हरलो. शेवटचा चेंडू गणूनं सरळ, धडधाकट रॅकेटनं जाळीत घातला, हे मी मुद्दाम सांगते.

परतल्यावर चैत्या मला घेऊन गणूबरोबर त्याच्या घरी गेला, तेव्हा चंद्रावती वलांडीवरचे बोंबील काढत होती. गणूच्या हाती पेला नाही हे पाहून तिनं विचारलं, "माझ्यापायी हरलात?"

"नाय," गणू म्हणाला. "तिच्यापायी तर दोन जिंकलो. चौकटीत मीच नाय घातली, चंद्रा. चूक माझी."

आणि तो तिच्याबरोबर बोंबील काढू लागला.

पेला कधीच आला नाही. पण पुढे सात वर्षं ती जोडी खेळली आणि चैत्यानं मला परत दिलं नाही. सरळ रॅकेट त्याच्या हातात वाकडी जाई! आता मी गंजाडला त्याच्या घरी खुंटीवर असते. दर हिवाळ्यात चंद्रावती सुक्या बोंबलांची जुडी पाठवते, ती माझ्याच खुंटीला लागते. तात सैल झाली आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि वास काही जात नाही.

मित्रांनो, आपली रॅकेट ओली झाली तर चौकटीत आवळून सावलीत ठेवा. आणि जोडीदाराची वाकली असेल, तर ती आपण घ्या आणि आपली त्याला द्या.